नाहीबाई

माझी वहिनी रागीट आहे असं सगळं हॉस्पिटल म्हणतं. साफ चूक. रागीट मी आहे. वहिनी फक्त 'नाही' म्हणते, आणि ते इतक्या थंडपणे म्हणते की समोरच्याच्या अंगाचा तिळपापड होतो. मी मात्र एकदा बोलायला लागलो की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

मी या हॉस्पिटलचा वायरमन. साठ खाटा, एक ऑपरेशन थिएटर, लाथ घातल्याशिवाय सुरू न होणारा एक जनरेटर, आणि मी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, थिएटरची इनचार्ज सिस्टर. दादा शिंपी आहे. थिएटरचे हिरवे गाऊन आणि मधोमध भोक असलेल्या चादरी तोच शिवतो. म्हणजे आमचं अख्खं घर त्या एका खोलीसाठी राबलंय. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नापास होऊन घरात लोळत होतो. तिनेच मला कान धरून वायरमनच्या कोर्सला घातलं आणि तिनेच इथे चिकटवलं. ती मला अजून भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. मीही तिला तोंडावर तुम्हीच म्हणतो. भांडताना मात्र आम्ही एकमेकांचं काही ठेवत नाही.

एकतीस वर्षं ती त्या थिएटरमध्ये उभी आहे. एवढ्या वर्षांत तिने मागितलेली एक वस्तू वेळेवर आली असेल तर मी मिशी उतरवून ठेवीन. हातमोजे कमी पडले की धुवायचे, पाणी भरून भोक आहे का बघायचं, वाळवून, पावडर लावून पुन्हा वाफेच्या डब्यात घालायचे. भोक पडलेल्या मोज्याची बोटं कापून ठेवायची, कारण जखमेतला पू बाहेर वाहून जायला ती नळीसारखी चालतात. हर्नियाला लावायची जाळी नसेल तर मच्छरदाणीच्या कोऱ्या कापडाचे चौकोन. पोटात रक्त साठलेली बाई आली आणि रक्तपेढी तीन तासांवर, तर तेच रक्त वाटीने काढून, आठपदरी गॉजमधून गाळून तिच्याच शिरेत परत. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. वरच्या ऑफिसच्या निगरगट्टपणाने शिकवलं.

तिचे अर्ज मी पाहिलेत, कपाटात त्यांची चळत आहे. सगळ्यात जुना अर्ज सक्शनचा. सक्शन म्हणजे तोंडातलं, घशातलं, पोटातलं झटकन ओढून घेणारं मशीन. आमच्याकडे होतं ते पायाने दाबायचं, रबरी भात्याचं. भाता फाटला की मी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून द्यायचो. विजेवर चालणारं द्या, म्हणून वहिनी अठरा वर्षं लिहीत होती. वरून उत्तर यायचं, मागणी विचाराधीन आहे. कुणाच्या बापाचं काय जात होतं विचार करायला.

मग एकदा आमच्या रस्त्यावर बस उलटली. बावीस जखमी. त्याच वेळी एक नावाजलेले सर्जन गाडीतून तिथून चालले होते, ते उतरले आणि सरळ आमच्या थिएटरमध्ये शिरले. युद्धात, भूकंपात, तंबूत ऑपरेशनं करण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्या दोन दिवसांत त्यांनी जे मागितलं ते आमच्याकडे नव्हतं, आणि प्रत्येक वेळी वहिनीने त्याच्या जागी काही ना काही पुढे केलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "सिस्टर, मोठ्या शहरातले हुशार सर्जन मी मदतकार्याला घेऊन जातो. तंबूत पोचले की पहिल्याच दिवशी हातपाय गाळतात. त्यांना तुम्ही शिकवाल का?"

"मी काय शिकवणार?" वहिनी म्हणाली. "मला नुसतं भागवून घेता येतं."

"तेच शिकवायचंय."

असा तो कोर्स सुरू झाला. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायला लागलो. दहा दिवस, बारा सर्जन, वर्षातून दोनदा. आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये भाषणं आणि थिएटरमध्ये खरी ऑपरेशनं. कागदावर वहिनीचं पद 'स्थानिक साहाय्यक'. शेवटच्या दिवशी जी प्रमाणपत्रं वाटायचे त्यावर चौघांच्या सह्या, वहिनीची नाही. ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्या सहीने माझ्या अंगावर काय मूठभर मांस चढणार आहे?"

थिएटरमध्ये तिचं काम एकच. सर्जनने काहीही मागितलं की म्हणायचं, नाही.

"सिस्टर, कॉटरी द्या." हे रक्तवाहिनी जाळून बंद करायचं यंत्र.

"नाही."

"स्टेपलर?"

"नाही."

"मग आहे तरी काय इथे?"

"दोरा आहे. आणि मी आहे."

पहिले दोन दिवस ते धुसफुसायचे. एक तर मास्क काढून निघूनच गेला होता, वहिनी म्हणाली, जाऊ दे, भूक लागली की येईल. चौथ्या दिवशी ते मागणं बंद करायचे. समोर जे आहे त्याकडे बघायला लागायचे, बोटांनी चाचपायला लागायचे, चिमटा हातात येईपर्यंत नुसत्या अंगठ्याने रक्त दाबून धरायचे. कोर्स तिथे सुरू होतो, असं वहिनी म्हणायची. नाहीबाई हे नाव त्यांच्यातच कुणीतरी पाडलं आणि ते इतकं रुळलं की पोस्टमनसुद्धा नाहीबाईंचं घर विचारत यायला लागला.

आणि मी रागात आहे म्हणून खोटं बोलणार नाही. कोर्स खरा होता. इथून गेलेली एक सर्जन कुठल्या तरी छावणीत होती, तिने फोटो पाठवला. एका मुलाच्या पोटाला हातमोज्याच्या बोटाची नळी, आणि खाली लिहिलं होतं, 'नाहीबाई, चाललं.' वहिनीने तो फोटो औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. ती तो दिवसातून दहा वेळा बघते आणि बघत नाही असं दाखवते.

मग पहिल्या अर्जाला अठरा वर्षं झाल्यावर खोकी आली. विजेवरचं सक्शन, छताचा मोठा दिवा, कॉटरीसुद्धा. मीच जोडलं सगळं. वहिनीने परातीत पाणी घेतलं, सक्शनची नळी बुडवली आणि मला म्हणाली, लावा. चार सेकंदांत परात कोरडी. तिने पुन्हा भरली. पुन्हा कोरडी. तिसऱ्यांदा भरायला गेली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, आता पाण्याचं बिल येईल." ती हसली. थिएटरमध्ये हसताना मी तिला तेव्हाच पाहिलं.

एक महिना झाला नसेल, अधीक्षक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोठे सर समोर बसले होते. साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारपासून कोर्स आहे, तेवढे दहा दिवस नवी मशीनं काढून समोरच्या स्टोअरमध्ये ठेवायची आणि जुनी लावायची.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "साहेब, चांगलं चालू मशीन काढू?"

सर म्हणाले, "समोर असलं की ते वापरणारच. आणि तिथे गेल्यावर नसलं की माणसं मारतील. मी पाहिलंय ते." ते खरंच बोलत होते, त्यांनी पाहिलं होतं. साहेबांचं तसं नव्हतं. कोर्समुळे त्यांचा फोटो छापून यायचा, वरचे लोक भेटी द्यायचे, भिंतीवर मानचिन्हांची फळी भरत चालली होती. आमची गरिबी हे त्यांच्या कौतुकाचं भांडवल होतं, ती संपली असती तर त्यांना कोण विचारत होतं?

वहिनी सरांशी भांडली. मी दाराबाहेर उभं राहून ऐकलंय. ती म्हणाली, "रिकाम्या खोलीत शिकवा. बाहुल्या ठेवा, बकऱ्याचं काळीज ठेवा, मी तिथे हजार वेळा नाही म्हणेन. पण माणूस टेबलावर घेऊन असलेल्या वस्तूला नाही म्हणायला लावू नका."

सर म्हणाले, "सिस्टर, बाहुली मरत नाही हे त्यांना माहीत असतं. हात थरथरायला हवा तरच शिकतात."

"कुणाच्या जिवावर?"

मग अशी तडजोड झाली की मशीनं समोरच्या स्टोअरमध्ये राहतील, थिएटरच्या दारापासून वीस पावलांवर, आणि स्टोअरची चावी थिएटरमध्ये खिळ्याला. खरीच वेळ आली तर वहिनी आणेल. वहिनीने ते मान्य केलं. आणि मी पाना घेऊन छताचा दिवा उतरवला. कुणी माझा हात धरून उतरवला नाही, मीच उतरवला.

पुढचं सगळं हळूहळू झालं, आणि हळूहळू झालेल्या गोष्टीला कुणी ओरडत नाही. वर्षाला दोनाचे सहा कोर्स झाले. मधल्या दिवसांत मशीनं लावायची आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा उतरवायची याचा मलाच कंटाळा यायला लागला. साहेब म्हणाले, राहू दे आतच, कशाला उठाठेव. राहिली. एकदा एका शिकाऊ सर्जनने खिळ्यावरची चावी घेऊन कॉटरी पळवून आणली, तर साहेबांनी चावी थिएटरमधून काढून माझ्याकडे दिली. तू जबाबदार, म्हणाले. मलाही जरा भारी वाटलं, हे कबूल करतो. वहिनीला कळलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल, पण ती काही बोलली नाही. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. ती थकली होती असं दादा म्हणतो. मी म्हणतो, आम्ही दोघंही मूग गिळून बसलो. गरीब हॉस्पिटल गरीब दिसत राहावं म्हणून एक माणूस पगारावर ठेवला होता, तो मी.

आता झेरॉक्सवालीचं सांगतो.

फाटकासमोर झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी चालवायची, आई सोबत बसायची. केसपेपर, ओळखपत्रं, रिपोर्ट, सगळं हॉस्पिटल तिच्याकडे. कोर्सच्या नोट्ससुद्धा तीच छापायची, बारा संच, डाव्या कोपऱ्यात पिन. तोंडाची भलतीच फटकळ. मला म्हणायची, काका, तुमच्या जनरेटरपेक्षा माझा पंखा बरा, लाथ न घालता चालतो. मला तिचा राग यायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याशिवाय करमायचं नाही.

कोर्सचा पाचवा दिवस होता, सकाळचे दहा. ती पोट धरून आली. अपेंडिक्स, फुटायच्या बेतात, थांबण्यात अर्थ नव्हता. आदल्या संध्याकाळपासून दुखत होतं, पण सरांच्या नोट्सचा शेवटचा गठ्ठा द्यायचा म्हणून ती दुकान सोडून उठली नव्हती. स्ट्रेचरवरून आत जाताना ती वहिनीला म्हणाली, "मावशी, तुमचे कागद मीच छापते. मला नाही म्हणू नका हं."

वहिनीने तिच्या कपाळावरचे केस टोपीत सारले. "गप पड," म्हणाली.

तंबूत भूल देणारा डॉक्टर नसतो, म्हणून कोर्समध्ये सर्जननेच भूल द्यायला शिकायचं असा नियम. त्या दिवशी पाळी एका चष्मेवाल्या डॉक्टरची होती. पोरगा हुशार, पंधरा दिवसांनी लढाई चालू असलेल्या ठिकाणी जाणार होता. आमचे भूल देणारे डॉक्टर रजेवर. देखरेखीला मोठे सर असायला हवे होते, पण साडेदहाला त्यांचं भाषण होतं आणि हॉलमधला प्रोजेक्टर लागत नव्हता. त्यासाठी मला बोलावलं होतं. मी टेबलावर चढून वायर तपासत होतो, सर खाली उभे राहून घड्याळ बघत होते. पडद्यावर भाषणाचं नाव आलं ते मी वाचलं, 'साधनांशिवाय शस्त्रक्रिया'. माझ्या खिशात स्टोअरची चावी होती. फोन बंद होता, कारण हॉलमध्ये फोन बंद ठेवायचा असा सरांचा नियम आहे आणि नियम पाळणारा मी एकटाच.

आत काय झालं ते वहिनीने मला नंतर एकदाच सांगितलं. भूल चढत होती, अजून घशात नळी गेली नव्हती, तेवढ्यात पोरगी ओकली. पोट दुखणाऱ्या माणसाचं पोट रिकामं धरू नका, हे वहिनी पहिल्याच दिवशी शिकवते. बेशुद्ध माणूस ओकला की ते सगळं छातीत उतरतं आणि माणूस बुडतो. अशा वेळी पहिल्यांदा सक्शन लागतं, आणि लगेच लागतं. चष्मेवाल्याने पायाचं मशीन दाबलं. पहिल्या दाबाला भाता फाटला. माझंच ठिगळ होतं.

त्याने विचारलं, "दुसरं मशीन?"

वहिनी म्हणाली, "नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नाही हेच त्याला चार दिवस शिकवलं होतं. त्याने टेबलाचं डोकं खाली केलं, मान वळवली, बोटाला गॉज गुंडाळून घसा पुसला. वहिनीने मोठ्या पिचकारीला नळी लावून ओढायला सुरुवात केली. दोघांनी अगदी कोर्समध्ये सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते मशीन माझ्या डोक्यातच नव्हतं हो. मी खोटं बोलले नाही. माझ्या मनाने ते नव्हतंच." किती वेळाने तिला ते आठवलं हे तिला सांगता येत नाही. एक मिनिट असेल, दोन असतील. मग ती धावली. वीस पावलं. कुलूप.

थिएटरची सफाईवाली मला शोधायला आधी जनरेटरकडे गेली, मग गच्चीवर, मग हॉलमध्ये. मी टेबलावरून उडी मारली आणि पळालो. कॉरिडॉरमध्ये पोचलो तर वहिनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना घेऊन कुलपावर घाव घालत होती. हातमोजे फाटले होते, बोटातून रक्त येत होतं. मी चावी लावली. मशीन ओढत नेलं, जोडलं, चालू केलं. चार सेकंदांत त्याने सगळं ओढून घेतलं. अकरा मिनिटं उशीर झाला होता. त्यानंतर पाऊण तास ते तिची छाती दाबत होते. मी कोपऱ्यात प्लग धरून उभा होतो, कारण तो सॉकेट ढिला आहे आणि मी तो दुरुस्त केला नव्हता.

बाहेर बाकावर तिची आई होती. अधीक्षक साहेबांनी तिला सांगितलं, फार प्रयत्न केले, पण आपल्याकडच्या साधनांच्या मर्यादा. आई म्हणाली, "म्हणजे काय नव्हतं?" साहेब म्हणाले, तुम्ही आधी पाणी प्या.

दुपारी तीनला आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. साहेब, मोठे सर, चष्मेवाला, वहिनी, मी. टेबलावर टाइप केलेला अहवाल. त्यात एक वाक्य होतं, 'आवश्यक सक्शन यंत्र उपलब्ध नसल्याने रुग्णास वाचवता आले नाही.' खाली वहिनीचं नाव आणि सहीसाठी रेघ. इतक्या वर्षांत कोर्सच्या कुठल्या कागदावर तिच्या सहीला जागा नव्हती. आज होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय. चौकशी झाली तर 'नाही' कोण म्हणालं, हे पहिलं विचारतील. सात महिने राहिलेत तुमचे."

सरांचे डोळे लाल होते. ते रडले होते, ते नाटक नव्हतं. पण बोलले ते असं, "सिस्टर, कोर्स बंद पडला तर तिकडे किती जीव जातील याचा विचार करा. तुमच्या हाताखालून गेलेल्यांनी किती वाचवलेत, तुम्हाला माहितीये."

"माहितीये," वहिनी म्हणाली.

"मग?"

"ही त्यांच्यात कुठे मोजायची, सर?"

चष्मेवाला भिंतीला टेकून उभा होता, तो हळूच म्हणाला, "मी एकदाच विचारलं. घरच्या हॉस्पिटलमध्ये असतो तर ओरडून दहा वेळा मागितलं असतं. इथे चार दिवसांत मागायची सवयच गेली."

"ती सवय मी मोडली," वहिनी म्हणाली. "तुझ्याकडे येतेय मी नंतर. तू जेवून घे."

मग तिने साहेबांच्या टेबलावरचं पेन उचललं. ते वाक्य एका रेघेने खोडलं आणि त्याच्या वर तिच्या त्या सुबक, औषधाच्या बाटलीवर लिहितात तशा अक्षरात लिहिलं. 'यंत्र होते. चालू होते. थिएटरच्या दारापासून वीस पावलांवर कुलपात होते. डॉक्टरांनी मागितले तेव्हा मी नाही म्हणाले.' खाली सही केली, तारीख घातली, कागदाची घडी केली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली.

साहेब ताडकन उठले. "सिस्टर, तो ऑफिसचा कागद आहे. इकडे द्या."

"नाही," वहिनी म्हणाली.

मी तिला हा शब्द लाखभर वेळा म्हणताना ऐकलंय. असा कधी ऐकला नव्हता. साहेब खाली बसले.

बाहेर येऊन ती सरळ बाकापाशी गेली, आईच्या शेजारी बसली आणि तिला कागद वाचून दाखवला. सावकाश, एक शब्द न गाळता. आई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे ते मशीन असतं तर पोर वाचली असती?"

मला वाटलं वहिनी म्हणेल, सांगता येत नाही. डॉक्टर तसंच म्हणतात, आणि ते खोटंही नसतं.

"बहुतेक वाचली असती," वहिनी म्हणाली.

आईने तिच्या तोंडात मारली. कॉरिडॉरमधले सगळे थबकले. वहिनी हलली नाही, गालाला हातसुद्धा लावला नाही. मी पुढे झालो तर तिने डोळ्यांनीच मला थांबवलं. आईने वहिनीच्या हातातल्या कागदाला बोट लावून पाहिलं. मग आई म्हणाली, "तो कागद ते तुमच्याकडून काढून घेतील."

"घेतील."

"मग मला याची झेरॉक्स पाहिजे."

दुकान बंद होतं. सकाळी पोरीने स्वतःच कुलूप लावून चावी आईकडे दिली होती. आईला शटर उचलेना, मी उचललं. तिला मशीन चालवता येत नव्हतं, तिने कधी हातच लावला नव्हता. मी मेन स्विच लावला, मशीन गरम व्हायला ठेवलं आणि झाकण उघडलं. काचेवर एक कागद तसाच राहिला होता. कोर्सच्या नोट्सचं शेवटचं पान. 'तेथे काय नसेल याची यादी' आणि तिसऱ्या ओळीत सक्शन. वहिनीने तो कागद उचलला, उलटा केला आणि बाजूला ठेवला.

तिने आपला कागद काचेवर ठेवायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "थांबा, वहिनी."

मी कागद तिच्या हातून घेतला. काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन होतं, झेरॉक्सवालीचं, लोक पळवतात म्हणून बांधलेलं. वहिनीच्या सहीखाली मी लिहिलं, 'कुलपाची चावी माझ्या खिशात होती. मशीने मी उतरवली.' सही केली. माझं अक्षर घाणेरडं आहे, पण वाचता येतं. वहिनीने ते वाचलं आणि मान हलवली.

मी कागद काचेवर ठेवून झाकण लावलं. आईला विचारलं, "किती काढू?"

ती स्टुलावर बसली होती, पोरीच्या. म्हणाली, "कागद संपेपर्यंत."